किती, किती झपाट्याने, कशाच्या जोरावर

आमच्याकडे शेतातल्या मोटरीची चौकशी एकाच प्रश्नाने होते, "किती एचपीची?" अमळनेरच्या पंपाच्या दुकानात, वायंडिंगवाल्याच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. तीन, पाच, साडेसात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ती मोटर मिनिटाला किती लिटर पाणी देते हे फारसं कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर उत्तर हाताने मिळतं. अंगठा आणि बोट वाकवून माणूस सांगतो, "इतलं जाड पानी पडस." त्या हाताच्या खुणेत एचपीच्या आकड्यापेक्षा जास्त माहिती असते, असं मला दरवेळी वाटतं.

मी भौतिकशास्त्र शिकवते. नोकरी धुळ्याला, शेत अमळनेर तालुक्यात. सुटीच्या दिवशी एखाद्या शेतकरी गटाने नाहीतर बचत गटाने बोलावलं की जाते आणि हे रोजचे शब्द उलगडून सांगते. एचपी, युनिट, व्होल्ट, अँपिअर, हेड, क्युसेक, टीएमसी. या शब्दांवर माणसांचा पैसा जातो. मोटर घेताना, केबल टाकताना, बोअर करताना, सोलरचा अर्ज भरताना समोरचा एक आकडा सांगतो आणि आपण मान डोलावतो, कारण त्या आकड्याने नेमकं काय मोजलंय हे विचारायचं कसं तेच ठाऊक नसतं. म्हणून माझं सांगणं एवढंच असतं की आकडा कानावर आला की तो तीनपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते आधी ओळखा. किती? किती झपाट्याने? कशाच्या जोरावर? निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

एचपी, म्हणजे हॉर्सपॉवर, हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॅट वाफेची इंजिनं विकत होता तेव्हा गिऱ्हाइकाला एवढंच हवं होतं, की हे यंत्र माझ्या किती घोड्यांचं काम करील. त्याने घोड्याच्या कामाचा अंदाज बांधून एक माप ठरवून टाकलं. ३३,००० पौंड वजन मिनिटाला एक फूट उचलणं, म्हणजे एक एचपी. आजच्या मापात ७४६ वॅट. आपल्या हिशेबाने सांगायचं तर ७६ किलो वजन दर सेकंदाला एक मीटर वर न्यायचं. यात सगळं महत्त्व 'दर सेकंदाला' या दोन शब्दांना आहे. तेच ७६ किलो सावकाश, दिवसभरात वर नेलं तरी काम तेवढंच होतं. एचपी मात्र नगण्य.

एवढं कळलं की पाच एचपीचा हिशेब तोंडी करता येतो. ७६ गुणिले ५ म्हणजे ३८०. दर सेकंदाला ३८० किलो एक मीटर, किंवा ३८ किलो दहा मीटर, किंवा ३.८ किलो शंभर मीटर. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. तेव्हा ३८० ला पाण्याच्या खोलीने, मीटरमध्ये, भागलं की सेकंदाला किती लिटर पाणी येईल ते निघतं. तेही बिनघर्षणाच्या, आदर्श पंपाचं. खरा पंप, पाइप, बेंड, व्हॉल्व्ह यांच्यात बरंचसं खर्ची पडतं, म्हणून आलेला आकडा निम्मा धरायचा. ही खोली म्हणजे पाण्याच्या पातळीपासून पाणी जिथे पडतं तिथपर्यंतची उभी उंची. शेवटी काही दाब हवा असेल तर त्याचीही उंची यात धरावी लागते. पंपवाले याला हेड म्हणतात आणि मोटरीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर एचपीच्या शेजारीच तो आकडा कोरलेला असतो.

आता उन्हाळ्यात बोअरचं पाणी २०० फुटांवरून ३५० फुटांवर जातं तेव्हा काय होतं ते पाहा. २०० फूट म्हणजे ६१ मीटर. ३८० भागिले ६१, त्याचं निम्मं, म्हणजे सेकंदाला तीन लिटरच्या आसपास. ३५० फूट म्हणजे १०७ मीटर, तिथे तीच मोटर पावणेदोन लिटरवर येते. मोटर बिघडलेली नसते. तेवढ्याच कामात तिला पाणी लांबून आणायचं असतं. पण गावात निदान ठरलेलं असतं, "मोटर कमी पडस." साडेसातची आणतात. पहिले काही दिवस धो धो पाणी येतं, मग तासाभरात बोअर कोरडा आणि मोटर नुसती फिरते. तापीच्या उत्तरेला, चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात, गाळाची खोल जमीन आहे. इकडे आमच्या भागात काळा पाषाण. त्या पाषाणाच्या भेगांतून जेवढं पाणी झिरपतं तेवढंच मिळतं. एचपी वाढवून भेग रुंदावत नाही. हे मला सगळ्यात कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण मोठी मोटर, जाड केबल, नवा स्टार्टर असा सगळा खर्च कर्जातून होतो आणि तो खर्च टाळायला एक भागाकार पुरतो.

आमचे आप्पा तरुणपणी मोट हाकत. बैलजोडी धावेवरून खाली उतरायची, नाडा ताणला जायचा, मोट वर येऊन थारोळ्यात ओतली जायची, की पुन्हा मागे. एक जोडी साधारण एक एचपीच्या आतबाहेरची. आप्पांना एचपी हा शब्द नंतर कळला, पण विहीर खोल गेली की जोडी लवकर दमते आणि दिवसाला दोन वाफे कमी भिजतात, हे गणित त्यांच्या अंगात होतं. मी त्यांच्याकडूनच शिकले असं म्हणेन. पुस्तकाने मला फक्त ३८० हा आकडा दिला.

'किती' याचं उत्तर एचपीत नसतं, ते युनिटात असतं. एक किलोवॅटचं यंत्र तासभर चालवलं की एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल. ही केवढी चीज आहे याची कल्पना आपल्याला नसते, कारण ती फार स्वस्तात मिळते. एक युनिट पुरं वापरता आलं तर हजार लिटर पाणी ३६७ मीटर उंच नेता येईल. दहा हजार लिटरचा टँकर १२० फूट खोल विहिरीतून वर काढायला एका युनिटाचं काम. पंपाची गळती धरली तर दोन. धडधाकट माणूस दिवसभर टिकेल अशा बेताने राबतो तेव्हा तो ७५ वॅटच्या आसपास काम देतो. आठ तासांचे झाले ०.६ युनिट. दिवसभर विहिरीवर रहाट ओढून माणूस घामाने निथळावा तेव्हा कुठे अर्ध्या युनिटाच्या थोडं वर काम होतं. हे मी सांगते तेव्हा बायका एकमेकींकडे बघतात. पाण्याच्या कळश्या कुणी वाहिल्या ते त्यांना ठाऊक असतं.

शहरातल्या माणसाला युनिट कळतं, एचपी कळत नाही. शेतकऱ्याचं नेमकं उलट. कारण मला बिलात दिसतं. शहरात घरोघरी मीटर आहे. आपल्या शेतीपंपांपैकी कितीतरी जोडण्या वर्षानुवर्षं विनामीटर होत्या आणि बिल एचपीवर यायचं, मोटर महिन्यात दहा तास चालो की दोनशे. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात वीज मोफत आहे. ती रेघही एचपीवरच आखलेली आहे. शेतकऱ्याला दिलासा मिळाला याचा मला आनंदच आहे. पण 'किती झपाट्याने' या आकड्यावर पैसे भरत गेलेल्या पिढीला 'एकूण किती' हा प्रश्न विचारायची सवय लागली नाही, आणि ती लागायला हवी होती. जमिनीतलं पाणी संपतं ते एकूण उपशाने. मोटर छोटी असली म्हणून ते वाचत नाही. ती जास्त तास चालली की झालं.

पावसाळ्यात हीच गफलत बातम्यांत ऐकू येते. तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले, एवढे क्युसेक विसर्ग, तेवढे टीएमसी साठा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, २,८३२ कोटी लिटर. पहिला आकडा वाहण्याचा, दुसरा साठ्याचा. एक लाख क्युसेकचा विसर्ग ऐकला की छातीत धडकी भरते; तो पुरा दिवसभर टिकला तर ८.६४ टीएमसी पाणी गेलं. तासाभरात ओसरला तर एक टीएमसीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडंच जास्त. तापीकाठच्या माणसाने विसर्गासोबत 'किती वेळ' हे विचारलंच पाहिजे.

पांझरेच्या काठी हे ज्ञान तीन-चारशे वर्षांपासून नांदतं आहे, हे सांगताना मला अभिमान वाटतो. फड बागायत ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी धुळे-साक्रीकडे आल्यावर आवर्जून पाहावी. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखाली जमिनीचे मोठे फड, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. शेतं वेगवेगळ्या मालकांची, पण पाणी पाळीने आणि पाटकऱ्याच्या हातून. पाटकरी कुणाच्या शेतात कधी दार उघडायचं आणि कधी मोडायचं ते ठरवतो. पाटातली धार आणि वेळ, यांचा गुणाकार म्हणजे पाणी. घड्याळाचं माप नसतानाही तो गुणाकार बिनचूक चालला, कारण त्यावर अख्ख्या फडाचं पीक अवलंबून होतं. या सगळ्याला मोटर लागली नाही. बंधाऱ्याने पाण्याला जी चार हात उंची दिली तिच्या जोरावर पाट वाहिले.

तो जोर हा माझा तिसरा प्रश्न. शिकवताना माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जावा असंच मला वाटतं.

बोअर येण्याआधी आमच्या विहिरीत मोनोब्लॉक मोटर होती. ती काठावर नसायची, विहिरीच्या आत, पाण्यापासून पंधरा-वीस फुटांवर, खडकात अँगल रोवून त्यावर बसवलेली. पावसाळ्यात पाणी चढलं की मोटर वर घ्यायची, होळीच्या सुमारास खाली उतरवायची. उतरवायला चार माणसं, दोर आणि शेजारचे एक जिभाऊ लागत. जिभाऊंशिवाय मोटर पाणी धरायची नाही. ते आधी सक्शन पाइपच्या जोडावरून ओली बोटं फिरवत आणि कान लावून ऐकत. कुठे बारीक फुसफुस आली की सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून, ताणून, एकावर एक वेढे देत. वरून ओल्या चिकणमातीचा लेप. मग तळाच्या फूटव्हॉल्व्हपासून, म्हणजे पाणी खाली परतू न देणाऱ्या झडपेपासून, वरपर्यंत पाइप पाण्याने भरायचा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. "एअर धरी ली तं दिवस गया," असं म्हणत ते हिरवं बटण दाबायला सांगत. पोरं वरून वाकून बघायची आणि कुणीतरी विचारायचंच, मोटर काठावर का नाही ठेवत?

उत्तर असं, की पंप पाणी ओढत नाही. तो पाइपातलं पाणी पुढे फेकून मागे जागा मोकळी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेली बाहेरची हवा पाणी वर ढकलते. त्या हवेचा जोर ठरलेला आहे, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. एवढ्या जोरावर पाणी १०.३ मीटरपर्यंत, म्हणजे ३४ फुटांपर्यंत चढू शकतं. त्यापुढे जगातला कुठलाही पंप ते वर खेचू शकत नाही, मग तो पाच एचपीचा असो की पन्नास. गॅलिलिओच्या काळात इटलीतले लोक या मर्यादेपाशी अडले होते. १६४३ मध्ये तोरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा घेतला. काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, तर पारा ७६ सेंटिमीटरवर थांबला. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड आहे. ७६ गुणिले १३.६ करून पाहा, पुन्हा तेच दहा मीटर येतात. प्रत्यक्षात घर्षण आणि जोडांतली गळती धरून आपल्याकडे वीस-पंचवीस फुटांच्या वर मोटर पाणी धरत नाही. जिभाऊ जोडांवर मातीचा लेप देत होते तो बाहेरच्या हवेला पाइपात शिरू न देण्यासाठी. ती आत शिरली की दोन्हीकडे सारखाच दाब, मग ढकलणार कोण?

सबमर्सिबलने हा प्रश्न कायमचा सोडवला. ती पाण्यातच बसते आणि खालून वर रेटते. रेटण्याला दहा मीटरची मर्यादा नाही. तिथे मोटरीचा दम आणि पाइपाची ताकद एवढंच बघावं लागतं. ठिबकच्या फिल्टरजवळ जे दाबाचं घड्याळ असतं त्यावरचा 'एक किलो' म्हणजे हाच तो दहा मीटर पाण्याचा जोर. गटात कुणी "हेड म्हणजे काय आणि प्रेशर म्हणजे काय" असं विचारलं की मी त्या घड्याळापाशी घेऊन जाते. एकाच गोष्टीची ती दोन मापं आहेत.

विजेत हा जोर म्हणजे व्होल्ट. पाण्याची उपमा इथे सगळेच देतात आणि मीही देते. व्होल्ट म्हणजे उंची, अँपिअर म्हणजे धार. पण उपमा देऊन थांबणं मला पटत नाही. आकड्यापर्यंत आल्याशिवाय समजावणं पुरं होत नाही. पाच एचपीची तीन फेजची मोटर ४१५ व्होल्टवर साधारण ८ अँपिअर घेते. आता रात्रीची पाळी आहे, आपलं शेत डीपीच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, शेवटच्या टोकाला आहे. "लाइट उनी", वीज आली, आणि शिवारातल्या सगळ्या ऑटो स्विचांनी एकाच क्षणी मोटरी सुरू केल्या. सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट घेते. डीपी ११,००० व्होल्ट उतरवून आपल्याला देते, तिच्यावर एकदम ओझं पडतं, तारांमध्ये व्होल्ट गळतात, आणि शेवटच्या शेतात ३३० व्होल्ट पोचतात. पाणी मात्र तेवढ्याच खोलीवरून उचलायचंय. मोटर ते काम सोडत नाही. कमी जोराची भरपाई जास्त करंट घेऊन करते. ८ चे १० अँपिअर होतात. दिसायला वाढ पाव पट. पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. वायंडिंगवरचं वार्निश ती रात्र काढतं, पुढची काढतं, मग एक दिवस जळतं.

वायंडिंगवाल्याकडे मी तासन्‌तास बसू शकते. जळलेल्या मोटरीचं पोट उघडलं की आधी तो करपट वास येतो. तो वेटोळी बोटाने बाजूला करतो. सगळी सारखीच काळी असतील तर कमी व्होल्ट नाहीतर जास्त लोड. काही काळी ठिक्कर आणि काही अजून तांब्यासारखी लखलखीत असतील तर एक फेज गेला असताना मोटर चालू राहिली, हे तो न विचारता सांगतो. ऑटो स्विच थोड्या थोड्या अंतराने, पाळी लावून, सुरू होतील असे लावले तर डीपीवरचा तो पहिला धक्का बराच कमी होतो. त्याला खर्च काहीच नाही. शिवारातल्या माणसांचं एकमत लागतं, आणि फडावर जे जमलं ते डीपीवर का जमू नये?

पाण्याची उपमा एका जागी पार मोडते आणि तिथे ती मोडलेली सांगितलीच पाहिजे, कारण तिथे जीव जातो. पाइप कापला तर पाणी सांडतं आणि दिसतं. तार तुटली तर वीज सांडत नाही, दिसत नाही. तिला परत जायला वाट मिळाली तरच ती वाहते, आणि ओल्या वावरात अनवाणी उभा असलेला माणूस ही चांगली वाट आहे. ९ वॅटचा एलईडी दिवा २३० व्होल्टवर जेमतेम ४० मिलिअँपिअर घेतो. एवढा करंट छातीतून गेला तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच घरातला ईएलसीबी ३० मिलिअँपिअरची गळती दिसताच वीज तोडतो. "छोटासा तर दिवा आहे" असं म्हणून सैल वायर हाताळणाऱ्यांना मी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवते. फ्यूज इथे वाचवत नाही. त्याला वितळायला कितीतरी अँपिअर लागतात आणि माणसाला त्याच्या शतांशानेही धोका असतो. मोटरीच्या, स्टार्टरच्या धातूच्या भागाला नीट अर्थिंग असणं आणि ईएलसीबी असणं, या दोन गोष्टींत काटकसर करू नका, असं मी हात जोडून सांगते.

उष्णतेचंही गणित याच तीन प्रश्नांचं. भुसावळला मे महिन्यात ४६ अंश लागतात तो आकडा जोराचा आहे. हवेत उष्णता एकूण किती, हे तो सांगत नाही. त्या कोरड्या हवेत आर्द्रता १५ टक्क्यांवर असली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २४-२५ अंशांपर्यंत उतरतो, आणि कूलरला हवा तिथवर खाली आणायला वाव असतो. एक लिटर पाणी हवेत विरताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातं. तासाला पाच लिटर पाणी पिणारा कूलर हवेतून सव्वातीन किलोवॅटच्या वेगाने उष्णता काढतो, आणि त्यासाठी वीज खातो दीड-दोनशे वॅट. खिडकी उघडी ठेवायची ती यासाठी. ओलसर झालेली हवा बाहेर गेली नाही तर पाणी विरायचं थांबतं. जुलैमध्ये ३४ अंशच असतात, पण आर्द्रता ८० टक्के. तेव्हा ओलं फडकं ३१ अंशांच्या खाली यायला तयार नसतं. मेमध्ये सुखाचा गारवा देणारा कूलर तेव्हा अंग चिकट करतो. आणि घाम हाही आपला कूलरच असल्यामुळे, दमट दिवशी ३४ अंशांतही कापसात निंदणी करणाऱ्या बाईची तब्येत बिघडू शकते. नुसता तापमानाचा आकडा ऐकून तिला "आज तर ऊन कमी आहे" म्हणू नये.

सध्या सगळीकडे विचारणा असते ती सोलर पंपाची. पाच एचपीच्या पंपाला साधारण ४,८०० वॅटच्या पाट्या देतात. हा आकडा भर उन्हातला, दर चौरस मीटरला हजार वॅट ऊन पडत असतानाचा. सकाळी आठला ऊन तिरपं, पाट्यांना मिळतं थोडं. तक्रार ठरलेली, "मोटर फिरस पन पानी येत नही." तीही खरी असते. पंपाने पाणी किती उंच जाईल हे फिरण्याच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग निम्मा झाला की उंची चौथाईवर येते. दीडशे फुटांवरचं पाणी त्या वेगाला पेलत नाही, ते पाइपात अर्ध्यावर येऊन थांबतं. ऊन चढतं, वेग एका टप्प्याच्या पुढे जातो आणि मग एकदम धार लागते. पंपात दोष नसतो. एचपीचा आकडा दिवसभराचा नाही, दुपारचा आहे, हे घेणाऱ्याला आधीच सांगायला हवं.

बोरी नदीकाठच्या एका गावात बचत गटातल्या एका ताईने यावर विचारलं, "ताई, दिनले टाकी भरी ठेवी अन रातले ठिबक सोडं तं जमी का?" तिची अर्ध्या एकरावर भाजी आहे आणि पाच हजार लिटरची टाकी. आम्ही तिथेच वहीत हिशेब मांडला. टाकी पाच मीटर उंचीवर ठेवली तर तिच्यात साठलेली ऊर्जा अडीच लाख ज्यूलहून थोडी कमी, म्हणजे ०.०७ युनिट. एवढ्यावर ९ वॅटचा एक दिवा फार तर साडेसात तास चालेल. ऊर्जेचा साठा म्हणून टाकीचा उपयोग नाही. पण तिला दिवा लावायचाच नव्हता, तिला पाणी हवं होतं, आणि पाण्याचा साठा पुरेपूर पाच हजार लिटर होता. जोर मिळतो अर्धा किलो. एक किलोवर ताशी ४ लिटर देणारा ड्रिपर अर्ध्या किलोवर २.८ लिटर देतो, कारण धार जोराच्या वर्गमुळाने बदलते. चारशे ड्रिपर धरले तर ताशी अकराशे-बाराशे लिटर. टाकी चार-साडेचार तासांत रिकामी, शेवटी शेवटी धार थोडी मंद. नळ्या लांबच लांब टाकल्या तर टोकाच्या रोपांना कमी मिळेल, म्हणून मधून मुख्य पाइप आणि दोन्ही बाजूंना आखूड नळ्या, फिल्टर वरचेवर धुवायचा, असंही ठरलं.

दहा मीटरवर टाकी ठेवली तर पुरा एक किलो मिळेल, हे तिनेच काढलं. मग पाच टन पाणी डोक्यावर घेऊन तेहतीस फूट उंच उभ्या राहणाऱ्या सांगाड्याला किती लोखंड लागेल आणि तो वावटळीत टिकायला पाया किती खोल घ्यावा लागेल, हे तिच्या नवऱ्याने वहीच्या कडेला मांडलं. तो आकडा बघून ती म्हणाली, "पाचच मीटर ऱ्हाऊ द्या. जास्ती येळ चालू देसूत."